आजी सांगते, पायल लिहिते

अमरावती
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आईंना,
संध्याचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, मी धडधाकट आहे. हातात फोन असताना सून पत्र का लिहिते, असं तुम्ही म्हणालच, म्हणून कारण आधी सांगते. परवा आमची बी.एड.ची पहिली चाचणी झाली. उत्तरं सगळी येत होती, पण हात चालेना. सतरा-अठरा वर्षांत मी किराण्याची यादी आणि पोरांच्या डायरीवर सही, यापलीकडे काही लिहिलेलं नाही. पाऊण तासात बोटं आखडली आणि दोन प्रश्न तसेच राहिले. तिसातले अकरा गुण मिळाले. मॅडम म्हणाल्या, संध्याताई, डोकं तयार आहे पण हात गंजलाय, रोज दोन पानं काहीही लिहा. आता काहीही लिहायचं तर कोणाला? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुम्ही बोललात की साऱ्या गल्लीला ऐकू जातं. म्हणून तुम्हीच सापडलात.

खोलीतल्या दोघी पोरी बावीस-तेवीस वर्षांच्या आहेत. एक मला ताई म्हणते, दुसरी काकू. काकू म्हणणारीला मी माझ्या वह्या देत नाही. तशा दोघी गुणी आहेत, मी चष्मा शोधत असले की तो डोक्यावर आहे हे हसू दाबून सांगतात.

मेसमध्ये भाकरीचा पापुद्रा अजूनही पायलसाठी काढून ताटाच्या कडेला ठेवते. मग लक्षात येतं आणि मीच खाते. अकोल्यात नंबर लागला असता तर ही वेळच आली नसती, पण यादीत अमरावती आली, त्याला काय करणार. थोरला स्वप्निल पुण्याला शिकायला गेला तेव्हा मी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आता मीच घर सोडून आले, तर रोज संध्याकाळी तोंडावर पांघरूण ओढून रडते. पायल फोनवर हो, नाही आणि जेवले, एवढंच बोलते. तिच्या वेण्या कोण घालतं? शाळेत दोन वेण्यांशिवाय घेत नाहीत.

तुमची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
संध्या

*

अकोला
१५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. संध्यास,
पंचफुलाबाईचे अनेक आशीर्वाद.
(आजी सांगते, मी लिहिते. – पायल)

तुयं पत्र भेटलं. देवानंदले डेपोतून यायले रात होते, म्हणून पायलनंच दोनदा वाचून दाखवलं. अकरा मार्क पडले म्हणून कावून तोंड पाडून बसली? मले आंगठ्याच्या पुढं काई येत नाई, तरी माहं काई अडलं नाई. तुले त अकरा पडले. पापुद्रा काढून ठेवते अन् मंग खाते, हे काई मले पटलं नाई. खायचा असन त सरळ खा.

वेण्या माह्याच हातच्या. एक जाडी होते, एक बारीक होते, पोरगी कुरकुर करते. तुह्या नवऱ्यानं काल पोहे केले, मीठ दोनदा टाकलं. मी म्हटलं, गाड्या दुरुस्त कर बाबा, पोह्यांच्या मांगं नको लागू. तुरीच्या शेंगा आल्या बाजारात. तू असती त उकडल्या असत्या. एकटीसाठी उकडाचं मन होत नाई.

सहा डिसेंबरले ये. घरचे सगळे पुतळ्यापाशी जाऊ, दरसालसारखे.

लई अभ्यास करून डोळे नको फोडू. आठवण ठेव.

तुही सासू

ता. क. आई, आजी बोलते तसंच्या तसं लिहायला लावते. शुद्ध केलं की ओरडते. गणितात विसातले अठरा मिळाले. वेण्या ठीक आहेत. – पायल

*

अमरावती
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

ती. आईंना,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र उशीखाली ठेवलं आहे. पोह्यांचं वाचून इतकी हसले की काकू म्हणणारी पोरगी काय झालं म्हणून उठून बसली.

आमचे सराव पाठ सुरू झालेत. म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या वर्गाला शिकवायचं, आणि मॅडमनं मागच्या बाकावर बसून आपल्या चुका लिहायच्या. मला सातवीचा वर्ग मिळाला. तिसऱ्या बाकावर एक पोरगी बसते, ती विचार करताना पेनाचं टोपण दातात धरते, अगदी पायलसारखं. तिच्याकडे बघितलं आणि मी पुढचं वाक्यच विसरले. मॅडमनी लिहिलं, नजर सर्व वर्गावर फिरावी. त्यांना काय सांगणार?

आई, आज मन जरा खाली आहे म्हणून तुमच्यापाशी बोलते, दुसऱ्या कोणाशी बोलता येत नाही. तुम्हाला आठवतं, याच कॉलेजात बारा-तेरा वर्षांपूर्वी माझं नाव यादीत लागलं होतं. जायची तयारी झाली आणि त्याच आठवड्यात दिवस गेल्याचं कळलं. प्रवेशाचं पत्र मी ट्रंकेच्या तळाशी ठेवलं, पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं. पुढचं वर्ष काही आलं नाही. माझ्याबरोबर त्या यादीत होती ती आज इथे आम्हाला शिकवते. काल तिनं माझ्या वहीवर लाल शेरा मारला आणि मला भलतंच काही सुचलं. वाटलं, पायल दोन वर्षं उशिरा आली असती तर आज मी टेबलाच्या त्या बाजूला असते. लिहून टाकलं, आता हलकं वाटतं.

बावीस डिसेंबरपासून सत्राची परीक्षा आहे. हात आता दोन तास चालतो. हे सत्र गेलं तर मी पुन्हा येणार नाही, हे मला माहीत आहे. चाळिशीत एकदा हिंमत झाली, दुसऱ्यांदा कुठली होते. सहा तारखेला मात्र नक्की येते.

लोभ आहेच, तो थोडा वाढवलात तरी चालेल.

तुमची,
संध्या

*

अकोला
१ डिसेंबर २०२५

चि. सौ. संध्यास,
अनेक आशीर्वाद. (आजी सांगते, मी लिहिते.)

तुझे पत्र मिळाले. वाचून आनंद झाला. आम्ही सर्व मजेत आहोत. इकडची अजिबात काळजी करू नये. पायलचा अभ्यास चांगला चालू आहे. तिला आता स्वतःच्या वेण्या स्वतः घालता येतात.

सहा तारखेला येऊ नये. येण्याजाण्यात दोन दिवस वाया जातात. परीक्षा महत्त्वाची आहे. पेपर संपेपर्यंत येऊ नये. फोनही रोज केला नाही तरी चालेल.

तब्येतीची काळजी घ्यावी.

तुझी सासू,
पंचफुलाबाई

*

अकोला
८ डिसेंबर २०२५

चि. सौ. संध्यास,
पंचफुलाबाईचे आशीर्वाद.

वहिनी, मी शेजारची ललिता, अंगणवाडीवाली. काकूंनी मला बोलावून घेतलं आणि पायलला दुकानात पाठवून हे पत्र सांगितलं. पुढचे शब्द त्यांचेच आहेत.

सहा तारखेले तुही वाट पाहून पाहून माहे डोळे दुखले. संध्याकाळी देवानंद म्हणे, तिनं फोनवर सांगितलं का आईनंच येऊ नको म्हणून लिवलं. मी कवा लिवलं? मी त पोरीले तीनदा सांगितलं होतं, तुह्या मायले लिव, लवकर ये. तिनं माह्यासमोर कागद भरला, पाकीट चिटकवलं, मले वाटलं लिवलं. आता विचारलं त भांडे घासाले उठते.

पायल मोठी झाली, संध्या. सत्तावीस तारखेले, शाळेत. बाजूले बसवाचं आपण कवाचं सोडलं, तसं काई केलं नाई. शिरा केला, नवा ड्रेस आणला, जे सांगाचं ते सांगितलं. पण म्हातारीनं सांगणं अन् मायनं सांगणं, फरक असते. पोरगी रडली नाई. रडली असती त बरं झालं असतं. देवानंदले वाटलं तुले पत्रातून समजलं असन, अन् फोनवर बोलाची त्याले लाज. बाप्या माणसाचं असंच.

तुहा पेपर हाय, मले समजते. मी ये बी म्हणत नाई अन् नको बी म्हणत नाई. तुले सांगणं माहं काम होतं.

वहिनी, काकू आता डोळे पुसत आहेत, म्हणून इथेच थांबते. पायल ठीक आहे. फक्त फार शहाण्यासारखी वागते. आमच्यावर लक्ष असू द्यावं.

ललिता

*

अमरावती
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. पायलला,
आईचे खूप पापे आणि आशीर्वाद.

आजवरची पत्रं मी आजीला लिहिली. हे तुझ्या नावाचं पहिलंच आहे. हे कोणाला वाचून दाखवायचं नाही.

गुरुवारी ललिताकाकूचं पत्र हातात पडलं आणि मी होते तशी बसमध्ये बसले. घरी पाच तास मिळाले. त्या पाच तासांत तू माझ्याकडे पाठ करून भाकरी केल्यास, भांडी घासलीस, माझी चप्पल पुसून ठेवलीस आणि तीनदा परतीच्या बसची वेळ सांगितलीस. मी जवळ घेतलं तर अंग आखडून उभी राहिलीस. स्टँडवर माझ्याआधी धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलीस. मला पाठवायची इतकी घाई लग्नात माझ्या माहेरच्या माणसांनीही कधी केली नव्हती. बस हलली तेव्हा मी हात केला, पण तोवर तू वळली होतीस.

मूर्तिजापूर येईपर्यंत मी तुझ्यावर रागावले होते. मग आजीच्या नावानं आलेलं ते पत्र पर्समधून काढून पुन्हा वाचलं. त्यात एक टोमणा नाही, पोह्यांचं मीठ नाही, काही नाही. आजी अशी कधी बोलते का? मला तेव्हाच कळायला हवं होतं. आणि त्याच्या आधी मी काय लिहिलं होतं ते आठवलं. तू वाचून दाखवतेस हे मला ठाऊक होतं, पायल. तरी लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे एकट्या आजी होत्या. मला आपलं दुःख सांगायची इतकी घाई झाली होती की वाचणारा गळा कोणाचा आहे याचा मी विचार केला नाही. आई म्हणून याहून मोठी चूक माझ्या हातून झालेली नाही.

ते वाक्य मी खोटं आहे म्हणणार नाही, तू मानणार नाहीस. त्या दिवशी ते माझ्या मनात आलं. पण तू झालीस त्या रात्री ट्रंकेतलं पत्र मला आठवलंही नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही खरं असतं, बाळा. मला तू पण हवी होतीस आणि शाळा पण. अजूनही दोन्ही हवं आहे आणि दोन्हीकडे मी अर्धी पडते. सत्तावीस तारखेला तू शाळेतून घरी आलीस तेव्हा दारात मी नव्हते. ते आता कुठल्याही परीक्षेनं भरून येणार नाही.

बावीसच्या पेपरला मी बसेन. ते ओझं तुझ्यावर टाकणार नाही, जायचं की राहायचं हे माझं मी ठरवलं आहे. तुझ्याकडून एकच पाहिजे. एक पत्र लिही, आजीचं नको, तुझं. रागाचं असलं तरी चालेल.

उत्तराची वाट पाहणारी,
तुझी आई

*

अकोला
१८ डिसेंबर २०२५

प्रिय आईस,
पायलचा जयभीम.

मी ठीक आहे, असं आधी लिहिलं होतं आणि खोडलं, कारण तू माझं पत्र मागितलंस.

त्या दिवशी पाचवा तास होता. मला वाटलं मला काहीतरी लागलं आहे. मग कळलं, कारण पुस्तकात होतं. स्वेटर कमरेला बांधून घरी आले. रस्ता नेहमीचाच होता, पण संपेना. आजी चांगलं वागली. ती रागावेल असं मला वाटलं होतं, तर तिनं माझे पाय चेपले. तरी मला तू पाहिजे होतीस. मला तुझा खूप राग आला. मग तुझं पत्र आठवलं आणि वाटलं, मी बोलावलं तर तू येशील आणि परत जाणार नाहीस. मग पुन्हा माझ्यामुळेच झालं असतं. म्हणून आजीनं सांगितलेलं लिहिलं नाही. तू आलीस तेव्हा तुझ्याकडे बघितलं असतं तर मी जा म्हणू शकले नसते.

ते दोन वर्षांचं वाक्य मी आजीला वाचून दाखवलं नाही. मध्येच खोकले आणि पुढची ओळ वाचली. तिला वाईट वाटलं असतं.

मी त्याच्यावर खूप विचार केला. मी दोन वर्षं उशिरा आले असते तर आज मी दहा वर्षांची असते. दहा वर्षांच्या मुलीला भाकरी येत नाही. तिला सोडून तू अमरावतीला गेलीच नसतीस. म्हणजे तुझं बी.एड. आणखी लांबलं असतं. मी वेळेवरच आले आहे.

तुझे पेपर तीस तारखेला संपतात. हात दुखला तर मध्ये थांबून झटक, पण सगळे प्रश्न लिही. आणि शेवटचा पेपर झाला की खोलीवर सामान आवरत बसू नकोस, तशीच ये. मला तू पाहिजेस. हे आजीनं सांगितलेलं नाही.

तुझी,
पायल