हातभर कच्ची जागा

माघ शुद्ध ५, फसली १३४१
काल तीर्थपुरीला पोचलो. बद्रीनाथ पाटलांनी गाडी धाडल्ती. मी गवंड्याच्या घरचा न्हाई, बाप मेंढरं राखायचा. जालन्यातली कामं नुसती बघून चुना शिकलो, अक्षरही आपलं आपण. पाटलांनी धुळाजी मिस्त्री म्हणून हाक मारली, बरं वाटलं. काम असं: आतल्या खोलीला लागून न्हाणी आहे, तिचं पाणी झिरपून खोलीची भिंत कमरेपर्यंत ओली. लेक उषाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. महिनाभरात खोली कोरडी पाहिजे. बिलकुल होईल म्हणालो.

माघ शुद्ध ८
फरशी उखडली. चुना आठ दिवस भिजल, जल्दी चालायची न्हाई. विटांची भुकटी तीनदा चाळून घेतली. गूळ आणि हिरड्याचं पाणी मीच घालतो, माप कुणाला सांगत नसतो.
दुपारी गावची सुईण साळूबाई आल्ती. म्हणाली, "मिस्त्री, ह्या घरच्या समद्या लेकरांच्या वारा-नाळा हितंच न्हाणीखाली पुरल्यात. बाळंतिणीच्या न्हाण्याचं पाणी त्यांना पोचाया लागतं. मोरीपाशी हातभर जागा कच्ची ठेव."
मी विचारलं, मंग भिंत ओलीच ठेवू का? ती म्हणाली, भिंतीला कुठं तहान लागती. कामावरच्या बाया हसल्या, मीही हसलो. पण माझ्या कामात मीच भोक ठेवायचं?

माघ वद्य १३
चुन्याचा कोबा पुरा झाला. चार बायांनी नऊ दिवस थापीनं धोपटला. मोरी बुजवून चार बोटं पाणी भरलं, भिंतीवर कोळशाची रेघ मारली. दोन दिवसांनी पाणी बराबर रेघेला. साळूबाईला मुद्दाम बोलावून दाखवलं. तिनं ओल्या कोब्यावर हात ठेवला.

फाल्गुन शुद्ध ३
उषाबाई बाळंत झाल्या. मुलगा. भिंत खडखडीत कोरडी. पाटलांनी मला पागोटं बांधलं, बारशापर्यंत राहा म्हणाले.

फाल्गुन शुद्ध ५
बाळंतिणीचं न्हाणं झाल्यावर कोबा तपासला. कुठं चीर न्हाई. खालून आवाज येतो. कान लावला. चुटूचुटू — लेकरू अंगावर पितं तसा. चुना वाळताना वाजतो कधी. पण असा न्हाई.

शुद्ध ६
उषाबाईंना दूध न्हाई. न्हायला बसल्या की आटतं. साळूबाई माझ्याकडं बघून राह्यली.

शुद्ध ७
आज अंगणात न्हाऊ घातलं. तरी तेच. आवाज आता बाजेखाली आलाय. पोराचे ओठ फुटलेत, शेळीचं दूध पोटात ठरत न्हाई. साळूबाईचं ऐकलं न्हाई हे पाटलांना सांगायला गेल्तो. डोक्यावर त्यांचंच पागोटं. तसाच माघारी आलो.

शुद्ध ८, सकाळ
सांगितलं. पाटील एवढंच म्हणाले, "फोड."
फुटत न्हाई. दोन छिन्न्या बोथट झाल्या. माझाच कोबा —

दुपार
वीतभर गेलो. खोलीत पोर पदराखाली. हालत न्हाई, रडतही —

माती लागली. साळूबाईनं घागर रिती केली. चुटूचुटू थांबलं. आणि रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत.
आतून उषाबाई म्हणाल्या, "आई, रडला गं माझा बाळ."
साळूबाई म्हणते, तू जा, तूच सांग. कसं सांगू, रडणं ह्या भोकातून —

आता दुसरं रडाया लागलं. तिसरं —

उषाबाई उठून आल्यात. मांडीवरचं पोर तसंच खाली ठेवून, भोकाशी वाकून, पदर सारून —