माझा विलाप मीरगुलनेच गावा

मी, बुरुलकान असान कीझी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा लोकर दाबून नमदे, म्हणजे जाड जाजमं, करण्याचा, राहणार कोचकोर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डावा स्तन मात्र नऊ वर्षांपूर्वी कॅन्सरपायी बिश्केकच्या दवाखान्यात ठेवून आले, सबब त्याच्या वाटणीचा प्रश्न नाही. हा कागद दफनाआधी उघडावा, नंतर नव्हे.

घर, गोठा आणि सफरचंदाची झाडं मुलगा तालांत व सून मीरगुल यांना समाईक. मीरगुलच्या सहीशिवाय तालांतने काहीही विकू नये. तो मनाने चांगला आहे, पण कोणी घोड्याचं नाव काढलं की त्याला भान राहत नाही.

लोकर पिंजायच्या काठ्या, कातर आणि रंगाची कढई मीरगुलला. ऑपरेशननंतर माझा डावा हात सुजायला लागला, नमदा दाबायचा जोर गेला. तेव्हा ही मुलगी माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली. अजून तिथेच बसते.

चांदीच्या बांगड्या नणंद सोनुन एजे, म्हणजे सोनुनताई, यांना. माझ्या लग्नापासून त्यांचा या बांगड्यांवर डोळा आहे, आता घ्या एकदाच्या. त्या बदल्यात त्यांनी एक हट्ट सोडायचा आहे.

एजेंचा आवाज खोऱ्यात नावाजलेला. माझ्या मयताला, रीतीप्रमाणे तंबूत प्रेताजवळ बसून, विलाप आपणच गाणार, सुनेने गायला तर घराण्याचं हसं होईल, असं त्या माझ्यासमोर चहा पिताना सांगतात. तर स्पष्ट लिहिते : माझा विलाप मीरगुलनेच गावा.

कारण आजवर कोणाला सांगितलेलं नाही. केमोचे दिवस होते. केस गेले, तोंडाची चव गेली. घरचे माझ्यापासून रोगाचं नाव लपवत होते आणि मी त्यांना लपवू देत होते. नमाज पडल्या पडल्या डोळ्यांनी पढायची आणि अल्लाला एवढंच म्हणायची की आता ने मला.

एका सकाळी गोठ्यातून मीरगुलचा आवाज आला. वेळ आलीच तर अडायला नको, म्हणून ती दूध काढता काढता माझा विलाप पाठ करत होती. सूर कुठल्या कुठे! दोन ओळी झाल्या की विसरायची, पुन्हा पहिल्यापासून. पण शब्द तिचे स्वतःचे होते (आपा म्हणजे आई, ती मला तशीच हाक मारते) : "आपा, तुम्ही रागावलात की मला माहेरी असल्यासारखं वाटायचं. आता मला कोण रागावणार?" इथे आली की तिला रडू फुटायचं.

मला इतकी वर्षं वाटत होतं, ही पोर मला टाळते. मी भिंत धरून उठले, दारात गेले आणि म्हटलं, "मीरगुल, दूध काढायला एवढा वेळ? मला भूक लागलीय."

भूक कसली नि काय. पण ती रस्सा घेऊन धावत आली, समोर बसली आणि मी वाटी संपवली. त्या दिवसापासून मी अल्लाकडे मागणं बदललं.

त्याने दिलं. दर तपासणीआधी मी काहीतरी निमित्त काढून मीरगुलला रागवायची. दोघींनाही बरं वाटायचं. या वसंतात दुखणं हाडांत परतलं. या वेळी त्याचं नाव मीच जेवताना सगळ्यांना सांगितलं. भीती वाटते, नाही असं नाही. पण मिळालेलं आयुष्य गोड गेलं. मीरगुल, पोरी, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर.

तरी मयताच्या दिवशी तिचा सूर चुकला तर चुकू द्यावा. ती मध्येच अडली तर एजेंनी किंवा आणखी कोणी पुढची ओळ उचलू नये. पुरुषमंडळींनीही मयत उचलायची घाई करू नये. मी तिच्यासाठी नऊ वर्षं थांबले, तुम्हाला घटकाभर थांबता येईल.

वाचून, समजून सही केली.

बुरुलकान असान कीझी

साक्षीदार :
१. कुबात सात्यबाल्दी उलू, शेजारी
२. आनारा जोल्दोश कीझी, गावच्या दवाखान्यातील नर्स

कोचकोर, १४ ऑक्टोबर २०२३