बानूचं शिंगरू

४ जानेवारी, रविवार

सकाळी बानूच्या कपाळाला भंडारा लावला, पुढ्यात कडबा टाकला आणि पेंड आणायला एसटीनं विट्याला गेलो. रविवार खंडोबाचा, घोडीवर ओझं टाकत नाही.

स्टँडबाहेर मोठा फ्लेक्स. मधोमध पाखऱ्या, मान उंच, अंगावर लाल झूल. शेजारी त्याचे मालक दिलीपशेठ फेटा बांधून. मलकापूरला पुढच्या महिन्यात घोड्यांचं प्रदर्शन आहे, त्याची जाहिरात. खाली कोपऱ्यात मी. फोटो आमच्या पोरीच्या, सुमनच्या लग्नातला, कापून घेतलेला. कुणाचा तरी हात माझ्या खांद्यावर तसाच राहिलाय. 'पैदासकार सन्मान : श्री. शिवाजीराव.' राव जन्मात पहिल्यांदा लागलं.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. पोतं खाली ठेवून बघत उभा राहिलो. मग वरची ओळ वाचली. 'काठेवाडी वंशाचा चॅम्पियन.'

पाखऱ्या बानूच्या पोटचा. आमच्या दावणीला जन्मला. पाय आडवा आला होता, मी आणि बायकोनं, हौसानं, मिळून सोडवला. हे काठेवाड मध्येच कुठनं आलं?

५ जानेवारी

हौसाला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "छापणाऱ्याची चूक आसंल. तुमास्नी शिवाजीराव केलं, त्याला काठेवाडी केलं. दोगांचीबी बढती."

हसलो. पण दिवसभर मन तिथंच.

७ जानेवारी

दिलीपशेठ स्वतः आले. परातीएवढा पेढ्यांचा पुडा. माणूस वाईट नाही, हे आधी लिहून ठेवतो. कोइमतूरला सोनं-चांदी गाळायचं, गलाईचं दुकान, आमचे जावई महेश तिथंच कामाला. वस्तीत येऊन खाली घोंगड्यावर बसतात, चहा पितात.

मी फ्लेक्सचं विचारलं. ते म्हणाले, "आवं आप्पा, शिंगरू नेलं तवा मी इचारलं हुतं, बाप कुठला. तुमी म्हणाला, बानूचं हाय. परत इचारलं. परत म्हणाला, बानूचं. मग मी काय सांगू लोकास्नी? बाप रिकामा ठिवून घोडा प्रदर्शनात उभा ऱ्हात न्हाई."

खरं आहे. असंच म्हणालो होतो. आमच्यात शिंगराला आईचंच नाव लागतं. मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांच्यात घोडा कुणाच्या मेंढवाड्यावरचा, कुठल्या मुक्कामी भेटला, याला धरबंध नसतो. घोडी मात्र रोज डोळ्यापुढं, संसार तिच्याच पाठीवर. वडील बानूची आई, तिची आई, तिची आई असं मागं मागं म्हणत जायचे. घोड्याचं नाव त्यात एकदाही आलं नाही. कुणी विचारलंही नाही.

म्हणजे आम्ही मोकळी ठेवलेली जागा यांनी भरून टाकली.

मी सांगितलं, बाप बिरू मेंढक्याचा तांबडा घोडा. इथलाच, माणदेशातला. शेठ हसले. "लोक लांबून घोड्या घिऊन येत्यात पाखऱ्याकडं. काठेवाडी म्हणून येत्यात. मेंढक्याचं तट्टू म्हणलं तर कोण फिरकंल?" मग हात धरून म्हणाले, "तुमी नुसतं स्टेजवर बसा. बोलायचं काय न्हाई. शाल घ्यायची, नमस्कार करायचा."

जाताना गाडीत बसून काच खाली केली. "महेश बरं काम करतोय हां दुकानात."

गोडच बोलले. पेढे मात्र कुणी खाल्ले नाहीत.

१० जानेवारी

इस्माईलचाचा आले, सांगलीहून. वडिलांच्या वेळेपासूनचे नालबंद, आता वय झालं, मुलगा फटफटीवर आणून सोडतो. बानूची खुरं तासली. प्रत्येक वेळेचं त्यांचं ठरलेलं गाऱ्हाणं, "तुज्या घोड्यांवर माजं घर कवाच चाललं न्हाई गड्या. नालच लागत न्हाई ह्यास्नी. दगड हायत दगड."

घाट उतरून कोकणात जायची आणि चढून परत यायची ही जात, पाठीवर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, कोकरं, कधी लेकरू. उंचीला कमी. ज्वारीच्या ताटांवर जगते. आता सरकारनंही या घोड्यांना वेगळी जात म्हणून मानलंय. पण बाजारात गिऱ्हाइकाला उंच घोडा पाहिजे, काठेवाडीसारखे टोकाला टोक भिडणारे कान पाहिजेत.

चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी खूर सोडलं नाही, तसंच वाकून म्हणाले, "मंग शाल घेणार?"

"काय करू?"

"घे की. थंडीचं दिस हायत."

एवढंच. टोमणा होता की सल्ला, दिवसभर कळलं नाही. संध्याकाळी कळलं, टोमणाच होता.

१४ जानेवारी, संक्रांत

सुमनचा फोन, मलकापूरहून. सासरी तिच्या कानावर गेलंय सगळं. म्हणाली, "आप्पा, तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि गप बसा."

मी म्हणालो, गप बसायचा सण नाही हा.

मग ती खरं बोलली. महेशचं सगळं शेठवर. तिकडच्या खोलीचीही सोय त्यांनी केलेली, मार्चनंतर ती आणि लेकरं तिकडं जायची आहेत. "एका घोड्यापायी माझा संसार टांगू नका आप्पा. त्याला काठेवाडी म्हणू द्या न्हाईतर इलायती. त्याला काय कळतंय?"

त्याला काही कळत नाही, हे बरोबर.

फोन ठेवला. हौसानं विचारलं, मी म्हणालो, तिळगूळ पोचला.

१८ जानेवारी, रविवार

देवळात बराच वेळ बसलो. प्रश्न एकच, मला कशाचा राग आलाय? माझं नाव लहान छापलं याचा? तसं असेल तर तो अहंकार, आणि पोरीचा संसार त्यापेक्षा मोठा. माझ्या एकट्याचा मान असता तर देवाच्या पायरीवर ठेवून मोकळा झालो असतो.

पण तो माझा नाहीच. बानूच्या मानेवर केसांचा उलटा भोवरा आहे. शिंगरू होती तेव्हापासून गिऱ्हाईक यायचं, पाय बघायचं, छाती बघायचं, भोवरा दिसला की पाणी पिऊन परत जायचं. अशुभ म्हणे. वडील म्हणायचे, भोवरा म्हंजी देवानं बोट लावल्याली जागा. शेजारीपाजारी घोड्या विकून लोकांनी फटफट्या घेतल्या, तेव्हाही वडिलांनी दावण रिकामी होऊ दिली नाही. बिरूच्या घरच्यांनी दुष्काळात मेंढरं विकली, घोडा ठेवला. आडाणी म्हणाले लोक त्यांना. त्यांच्यापैकी कुणाच्या खांद्यावर कधी शाल पडली नाही.

आणि आता त्यांच्या राखणीतून एक घोडा निघाला, सगळ्यांनी माना वर करून बघावा असा, तर म्हणायचं हा तुमचा नव्हेच.

माझ्या अंगावर शाल टाकून ह्या सगळ्यांना पुसून टाकायचं. आणि त्याला साक्षीला मलाच बसवणार.

नाही.

२२ जानेवारी

विट्याला जाऊन पाखऱ्याला बघून आलो. शेठ घरी होते. स्वतः खरारा करत होते, बनियनवर, घामाघूम. मागच्या वर्षी त्याचं पोट दुखलं तेव्हा हा माणूस तबेल्यातच झोपायचा, हेही खरं. शिंगरू माझं, पण घोडा त्यांनी घडवला. हरभरा, दूध, मायेचा हात. उंची त्यातनंच वाढली. त्यांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे.

पाखऱ्यानं मला ओळखलं नाही. हात हुंगला, काही नाही म्हटल्यावर तोंड फिरवलं. चालवून दाखवला. मागचे पाय टाकायची ढब हुबेहूब बानूची.

शेठना परत विनवलं, फ्लेक्सवर नुसतं 'माणदेशी' टाका, तुमचं काही जात नाही. खराऱ्यातले केस काढत म्हणाले, "आप्पा, लोकास्नी उंची दिसती, खरं दिसत न्हाई."

मी म्हणालो, "मग दाखवायला पायजे."

ते थांबले. "म्हंजी?"

म्हणजे काय, ते मलाच तेव्हा माहीत नव्हतं.

२५ जानेवारी, रविवार

ठरत नाही. न गेलो तर? तर निवेदक म्हणेल, काही कारणास्तव येऊ शकले नाहीत, आणि काठेवाड तसंच राहील. जाऊन माइकवर भांडलो तर म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पन्नाशीही नाही, पण म्हणतील.

माझं तोंड नको तिथं. बानू पाहिजे.

२६ जानेवारी

चाचांना फोन करून विचारलं, घोडी रिंगणात नेली तर चालेल का, पाखऱ्या पुढ्यात असताना.

"माजावर न्हाई न्हवं? न्हाईतर मंडप उधळंल, शेठचा फेटाबी."

म्हटलं, थंडीत कुठली.

"मंग ने. पर वाऱ्याच्या खालच्या अंगानं ने, वास त्याच्याकडं जायला नगं. आई हाय हे तुला ठावं, त्याला न्हाई." मग म्हणाले, "शिवा, मीबी येतू. लांब उभा ऱ्हातू."

२९ जानेवारी

सुमनला स्वतः सांगितलं. आयत्या वेळी तिला कळायला नको. ती म्हणाली, "बानूला आणणार? माझ्या सासरच्या दारात?"

दारात नाही, रिंगणात.

"एकच झालं." फोन ठेवला.

महेशलाही लावला. त्यांनी ऐकून घेतलं. "मामा, मी काय बोलू? शेठ मालक हायत." मी म्हणालो, तुम्ही काही बोलू नका, शेठनी विचारलं तर 'मामांनी माझं ऐकलं नाही' म्हणा. म्हणाले, "बरं." त्या 'बरं'त काय होतं, कळत नाही.

३१ जानेवारी

टेम्पो सांगितला. बानूला धुतली. पाठ वाकलीय, डोळ्यावर केस पांढरे. झूल घालावी का विचार केला. नाही. आहे तशी.

हौसा लुगडं काढून ठेवताना दिसली. विचारलं, कुठं?

"तुमी पोरीपुडं जाणार, आन मी हितं कोंबड्या राखू? शिव्या पडल्या तर दोगास्नी पडू द्या." मग म्हणाली, "त्याला मीबी ओढून काढलाय."

१ फेब्रुवारी, रविवार

घरी आलो. बानू दावणीला, वैरण खातेय. फोन समोर ठेवलाय. शेठचा नाही, महेशचा नाही. सुमननं मैदानात बादलीभर पाणी आणून बानूपुढं ठेवलं, आईशी बोलली, माझ्याशी नाही. पुढं काय होईल ते होईल. झालं तसं लिहितो.

दुपारी निवेदकानं पुकारलं, काठेवाडी वंशाचा चॅम्पियन पाखऱ्या, आणि त्याला जन्मापासून ओळखणारे पैदासकार शिवाजीराव, यांनी स्टेजवर यावं. हलगी वाजली. पाखऱ्या रिंगणात आला, लोक उठून उभे राहिले. देखणाच दिसत होता. माझेही डोळे भरले, कबूल.

स्टेजकडं न जाता मी टेम्पोकडं गेलो आणि बानूला सोडली. चाचांनी दोरी वर धरली. खालून आत गेलो.

आधी हसले लोक. एकजण ओरडला, "आप्पा, ती वरातीची घोडी चुकली काय?" हलगी थांबली. शेठ स्टेजवरनं हातानं खुणावत होते, मागं जा, मागं जा. रागापेक्षा भीती जास्त होती तोंडावर. पाखऱ्यानं कान टवकारले, एकदा खिंकाळला, शेठच्या माणसानं लगाम आवळला. मी लांबच थांबलो, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

निवेदक खाली आला, माइक तसाच हातात. "काका, काय प्रकार आहे हा?"

मी माइक मागितला नाही. त्यानंच पुढं धरला. पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच बोललो, "ही बानू. ह्याची आई. बाप बिरू मेंढक्याचा तांबडा. दोन्ही हितलीच. काठेवाड आमी कुणी बघितल्यालं न्हाई. घोडा घडवला शेठनी, त्यांचा मान त्यास्नी द्या. माझी शाल राहू द्या. हिची चाल तेवढी बघा."

परीक्षक परगावचे होते. ते खुर्चीतनं उठले, बानूच्या पुढच्या पायावरनं हात फिरवला, खूर उचलून बघितलं. भोवऱ्यावर बोट ठेवलं, काढून घेतलं नाही. मग पाखऱ्याकडं बघत राहिले. निकाल मी निघेपर्यंत थांबवलेलाच होता.

"चालवा," ते मला म्हणाले.

मी लगाम ढिला सोडला. हसणारे गप झाले होते की नाही, मी बघितलं नाही. बानूला घेऊन रिंगणाची एक पुरी फेरी मारली, कुठंही न थांबता, तिच्या चालीनं.