मुकादमाची संध्याकाळची सुई

३ मार्च, सोमवार

मुकादमाला साखर! चौदा वर्षांचा बोका, जन्मात गोडाला तोंड लावलं नाही त्यानं, आणि निघालं काय तर मधुमेह. महिनाभर पाण्याच्या वाडग्यावर पडीक होता, अंगावर नुसती कातडी राहिली होती. तेव्हाच कळायला हवं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिवसातून दोनदा इन्शुलिन. सकाळी सात, संध्याकाळी सात. आधी खाणं, मग सुई. एक युनिट, थेंबभरही जास्त नको." मानेची कातडी चिमटीत उचलायची आणि टोचायचं. मला सुईचं काय कौतुक! पस्तीस वर्षं लोकांचे कपडे उसवतेय आणि शिवतेय.

ताईला मात्र तिथेच घेरी आली. निवृत्त मुख्याध्यापिका! जिच्या नुसत्या खाकरण्यानं शाळा गप्प व्हायची, ती कापसाच्या बोळ्यासारखी पांढरीफटक. मजा वाटली. खोटं कशाला लिहू, इथे वाचणारं आहेच कोण.

४ मार्च

आमच्यात बोलणं नाही. दोन वर्षं झाली. आईचं शिलाई मशीन तिनं मला न विचारता भंगारवाल्याला दिलं, तेव्हापासून. जे काय असेल ते फ्रिजवरच्या कागदावर. आज तिथे तक्ता लागला—पट्टीनं आखलेला! तारीख, सकाळ, संध्याकाळ, पुढे बरोबरची खूण करायला चौकट. खाली मुख्याध्यापिकाबाईंच्या अक्षरात, "दोन्ही वेळा तू दे. मला जमणार नाही."

मी लिहिलं, "बरं."

९ मार्च

मुकादम माझ्यापासून पळतो. एरवी मी शिवायला बसले की कपड्यांच्या ढिगावर चढून देखरेख करायचा, म्हणून तर मुकादम. आता माझी चाहूल लागली की पलंगाखाली. आणि सुई झाली रे झाली की थेट ताईच्या मांडीवर! ती त्याला कुरवाळत म्हणते, "दुष्ट असतात रे लोक." लोक म्हणजे मी. जीव मी वाचवायचा आणि लाड हिनं करून घ्यायचे.

फ्रिजवर लिहिलं, "उद्यापासून संध्याकाळची तू. नाहीतर सकाळचीही बंद."

बंद करणार नव्हते. पण ते तिला कुठे माहीत आहे?

१० मार्च

सातला ताई त्याला घेऊन तिच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी लाल डोळ्यांनी बाहेर. तक्त्यावर खूण केली. छान! आता त्याला आम्ही दोघी सारख्या.

१७ मार्च

सारख्या कसल्या! अजूनही तिच्याच मांडीवर. माझी सुई टोचते आणि तिची काय गुदगुल्या करते?

कानाला टोचून साखर बघितली. चढलेलीच. डॉक्टरीणबाईंनी दोन युनिट करायला सांगितलं.

२४ मार्च

उतरत नाही. मागचे पाय फरफटत चालतो. पलंगावर उडी मारायला गेला आणि धाडकन पडला. ताई तोंडावर हात ठेवून आत निघून गेली.

दवाखान्यात तक्ता घेऊन गेले होते. एकही खाडा नाही! "तुम्ही दोघी फार नीट करताय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याचं शरीरच दाद देत नाहीये. तीन करू." घरी येऊन फ्रिजवर ढब्बू अक्षरात तीन लिहिलं. ताई त्या आकड्यासमोर बराच वेळ उभी होती.

२७ मार्च

ताई मावसबहिणीकडे गेली, तीन दिवस. जाताना बॅग घेऊन माझ्या दारात आली. "ऐक ना गं—"

दोन वर्षांतला पहिला शब्द! मी माझ्या नव्या मशीनचं पायडल दाबलं. "मुकादमाचं ते संध्याकाळचं—" आणखी जोरात दाबलं. कापड संपलं तरी दाबतच होते, सुई नुसती हवेत वरखाली. तिचे ओठ हलताना दिसत होते. मग गेली. फार बरं वाटलं.

२८ मार्च

काल संध्याकाळी तीन दिलं, आज सकाळी तीन. दुपारी मुकादम स्वयंपाकघराच्या भिंतीला धडका देत होता. मग आडवा झाला, चारी पाय झाडायला लागला, तोंडाला फेस. हिरड्यांना मध चोळला, तर माझं बोट फोडलं त्यानं. टॉवेलात गुंडाळून धावत सुटले. रस्त्याभर भोकाड पसरलं होतं मी. लोक बघत होते. बघू देत.

साखर पार तळाला गेली होती. सलाइन लावलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध त्याला कमी पडत नव्हतं. निम्मं औषध त्याच्या अंगात जातच नव्हतं. घरी जाऊन बघा."

वापरलेल्या सुयांचा डबा जमिनीवर पालथा केला. माझ्या सगळ्या उघड्या, वाकलेल्या. तिच्या सतरा—टोपणंसुद्धा निघालेली नाहीत! सतरा संध्याकाळी, सतरा खोट्या खुणा. आयुष्यभर पोरांच्या चुकांवर लाल रेघा मारल्या हिनं.

३० मार्च

ताई आली. चपला काढायच्या आधी वाकून पलंगाखाली बघितलं. "मुकादम?"

म्हटलं, "गेला. तुझ्या खुणांनी मारलं त्याला."

तो तिकडे दवाखान्याच्या पिंजऱ्यात बसून मासा खात होता. सकाळीच बघून आले होते. म्हटलं, तासभर जळू दे हिला, मग सांगू.

ती दारातच खाली बसली. "माझ्याच्यानं टोचवेना गं. रोज ठरवायचे, उद्या सांगेन. तू हसली असतीस मला." हसलेच असते. मग माझं फोडलेलं बोट हातात धरून बोलतच सुटली. मशीनचंही बोलली. "ते दिसलं की आई दिसायची, म्हणून घालवलं. तुझं काय होईल, हे मनातच आलं नाही. चुकले मी." ताई—चुकले म्हणाली! मध्ये बोलायला मला जागाच सापडली नाही. तास कधीच उलटून गेला होता.

३१ मार्च

सकाळचा चहा एकत्र. तिनं माझे केस विंचरले, लहानपणी विंचरायची तसे, ओढून ओढून. "आता आपण दोघीच गं एकमेकींना," म्हणाली. दोनदा तोंड उघडलं सांगायला. सांगितलं तर ही उठून जाईल, आणि मग मेले तरी बोलणार नाही.

२ एप्रिल

डॉक्टरीणबाईंचा फोन. छान खातोय, एक युनिट पुरतंय, घेऊन जा. म्हटलं, आता नाही जमणार आम्हाला. त्या म्हणाल्या, "एवढ्या म्हाताऱ्या, आजारी बोक्याला दुसरं कुणी नेणार नाही. कायमचं झोपवावं लागेल. चालेल?"

हो म्हटलं.

"कुणाचा गं फोन?" ताईनं आतून विचारलं.

"गिऱ्हाईकाचा."