शेवंताची खिरापत

ग्लासगो, २० ऑक्टोबर २००४

प्रिय अक्का,

लांबूनच वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? आम्ही मजेत.

अनुयाला शाळेत एका छोट्या गावातल्या काळ्या लोकांवरच्या अन्यायाची कादंबरी आहे. "आई, तुमच्या गावात असं नव्हतं ना?" तिनं विचारलं. मी वेशीबाहेरच्या वस्तीतल्या शेवंताबद्दल सांगितलं. आपल्या भोंडल्याला ती कुंपणापलीकडून खिरापत अचूक ओळखायची, आणि आपण तिच्या ओंजळीत ती वरून टाकायचो.

"मग तू काय केलं?"

"लहान होते गं."

"बुकमधली मुलगी पण लहानच आहे."

अक्का, डिसेंबरात येतेय. शेवंताच्या घरी जायचंय, ती देईल ते खायचंय. येशील ना बरोबर?

ती दार उघडेल का गं?

तुझीच,
सुलभा