खर्चुडीची जागा

१४ ऑक्टो. २००३, मंगळ.
आज मोज्यांतून मूठभर कुसळं उपसली. सदर गवताविरुद्ध कोणत्या खात्याकडे दाद मागावी, हे सांगणारा जाणकार पुण्यात उरलेला नाही. सौ. म्हणाली, "मोजे न घालता जा. कुसळांनाही चव कळू दे."

वारज्यापलीकडचं जुनं कुरण वाळून पिवळं झालंय. ‘संरक्षित क्षेत्र’ ही पाटी गंजलेली. शेजारी नवी, चकचकीत: ‘चला, ओसाड माळ हिरवा करू!’ ओसाड म्हणे! श्रावणात सोनकी, तेरडा, आमरीची फुलं पाय टेकवू देत नाहीत. शिसारी आली.

१६, गुरु.
झाडं लावणारी कंपनी खराडीची, म्हणजे आमची मृणाल नोकरी करते तीच. लेक स्वयंसेवकांची प्रमुख! परवानगीही मिळाली, झाड म्हटलं की नाही कोण म्हणतो? पाऊस संपल्यावर वृक्षारोपण, कारण तारीख वरून आली. वरून म्हणजे इंद्राकडून नव्हे, चौथ्या मजल्यावरून.
"बाबा, झाडं लावण्यात प्रॉब्लेम काय आहे?"
"काहीच नाही. देवघरात कमोड बसवला तरी सोयच होते."


चंद्राबाई दसऱ्यानंतर, बी गळून गेल्यावर, म्हशींसाठी हे गवत कापते. आज तावातावानं कापत होती. "रविवारी खड्डं पाडनार हायेत म्हनं. मास्तर, म्हशीला काय त्यांचं टी-शर्ट चारू व्हय?"

१८, शनि.
खड्ड्यांसाठी फक्कीच्या खुणा. कवायतीची रांग. कुरणाला कोणी इतकं कुरूप केलेलं पाहिलं नव्हतं. शेवटी मृ.ला खर्चुडीची, त्या दुर्मिळ रानफुलाची, आठवण करून दिली. चौथीत असताना ओणवी होऊन हीच किंचाळली होती, "बाबा, फुलाचा कंदील!" आता वर काही दिसत नाही, कंद खाली झोपलाय. खड्डा पडला की संपलं.
ती म्हणाली, "जागा दाखवा. तेवढी सोडू. प्रॉमिस."

१९, रवि.
कापलेलं कुरण सगळीकडे सारखंच. माझी खूण म्हणजे एक काळा दगड. तो बॅनरच्या बांबूला टेकू म्हणून सापडला. मृ. सुतळी घेऊन उभी. मागे तिचे सहकारी, "सर, एक्झॅक्टली कुठे?"
वर्गात फळ्यावर दाखवावं तशी काठी ठेवली. "इथे."
तिनं चारी बाजूंनी सुतळी बांधली, स्वतः गाठी मारल्या. बाकी सगळीकडे खड्डे पाडणारं यंत्र फिरलं.
"श्रावणात दोघंच येऊ हं बाबा."
हो म्हणालो.

जागा तीच होती, की जरा वर, उताराकडे? मला खरंच माहीत नाही.