दत्तूचा खाऊ

भोपाळ,
१९ जानेवारी २०२३

सौ. वैजयंतीस,

नमस्कार. तब्येत बरी असेल. दिगंबररावांना आणि मनोरमावहिनींना माझा नमस्कार सांग. माझा फोन तू उचलत नाहीस आणि तुझ्या भावाकडे निरोप दिला की तो अर्धाच पोचतो, म्हणून पत्र.

इकडे थंडी आहे. मी कारखान्यात ड्यूटीवर रुजू झालो. शॉपमधले लोक हल्ली माझ्याशी हळू आवाजात बोलतात. तिथे मशीन चालू असताना हळू बोललेलं काही ऐकू येत नाही, त्यामुळे बरं चाललंय. शेजारच्या तिवारीभाभी डबा पाठवतात. मीठ कमी असतं. मी सांगत नाही.

दत्तू ठीक आहे. तुला हे वाचायचं नसेल, पण घरात सांगण्यासारखं दुसरं काही नाही. तुझ्यासाठी तो ‘ते ध्यान’, टाउनशिपमधल्या लोकांसाठी पाल. पाल नाही. ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा. हे मला कुणी कॉलेजात शिकवलं नाही. डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी पुस्तकं वाचली. पेटीत दिव्याखालचा दगड चाळीस अंशांवर असतो, दुसरं टोक सत्तावीसवर. थर्मोस्टॅट मी बसवलाय, बाजारचा खोटं बोलतो. जेवायला शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा, जास्वंदीच्या पाकळ्या. “गणपतीची फुलं सरड्याला?” असं तू दर चतुर्थीला म्हणायचीस. शिवाय झुरळं. ती पाळलेली, मोरीतली नव्हेत.

आणि उंदराचं पिल्लू. ते जेवण नव्हे, खाऊ. त्यात चरबी फार, सारखं दिलं तर लिव्हर जातं. अंगावर लव न आलेलं, गोठवलेलं घ्यायचं, कोमट पाण्यात सोडायचं, पुसून द्यायचं. शाहपुऱ्याचा दुकानदार मागवून देतो. जिवंत मी कधी दिलं नाही, जरा मोठं असलं तर सरड्याला चावतं. मी जास्त वेळा देतो असं कांचनचं म्हणणं होतं. म्हणून तिनं पाकिटावर जाड मार्करनं लिहून ठेवलं होतं: ‘खाऊ. लाड नकोत.’

त्या पाकिटाबद्दल आपण दोघं अजून नीट बोललेलो नाही.

तेराव्याला सगळं तिच्या आवडीचं केलं होतं. तिचं पान वाढायचं म्हणून तू फ्रीजर उघडलास आणि तिचं अक्षर दिसलं. मी बाहेरच्या खोलीत होतो, तुझा आवाज ऐकला. “पोरीनं स्वतःसाठी लपवून ठेवलंय बघा काहीतरी. तापात फणफणत होती तेव्हा खायचं राहून गेलं असेल. हेही वाढू या.”

वहिनी म्हणाल्या, “खव्याचं दिसतंय, वैजू. गुलाबी रंग घातलाय. जरा कोमट पाण्यात धर, सुटेल.”

मी तेव्हाच उठायला हवं होतं की नव्हतं, यावर मी विचार केला. मला वाटलं, तू आईस्क्रीम वगैरे काढलं असशील. मग वहिनी ओरडल्या, “अगं बाई, याला शेपूट आहे!”

आणि तू हसलीस. ओट्याला धरून हसलीस, मग खाली बसून हसलीस. बायकांना कुठे बघावं कळेना. मी आत आलो आणि म्हणालो, एकदा सुटलेलं परत गोठवत नाहीत. एक पुसून घेतलं, बाकीची टाकली आणि दत्तूला नेऊन दिलं. दारातून तिवारीजी म्हणाले, “अच्युतजी, आज के दिन?” मी म्हटलं, “पिघला तो आज ही है।”

तेव्हा तुझं हसणं थांबलं. सकाळी तुझी बॅग दारात होती.

“तिच्या पानातलं तुम्ही त्याला घातलंत,” एवढंच तू म्हणालीस. मी म्हणालो, ते तिच्या पानातलं नव्हतंच, त्याचंच होतं. हे बरोबर आहे, वैजू. आजही बरोबर आहे. पण बरोबर असून त्याचं काय करायचं, ते मला कळत नाही.

मला रडू आलेलं नाही. वहिनींनी जाताना विचारलं होतं, त्यांना सांग. काही दुखत नाही, भूक वेळेवर लागते. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, तसं आहे. गाल आपलाच, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो.

आता मुद्द्याचं. दिगंबररावांनी कळवलं, ‘ते जनावर घरात असेपर्यंत ताई येणार नाही.’ कांचनची कोलार रोडची मैत्रीण परवा येऊन गेली. दत्तूला न्यायला तयार आहे. मुलगी नीट आहे, दिव्यांबद्दल योग्य ते विचारलंन. तिच्या घरी उंदीर फ्रीजरमध्ये चालतात. अडचण काही नाही. मी तिला हो म्हटलं नाही.

सरडा माया करत नाही. तो मला ओळखतो असं सांगून मी तुला गुंडाळणार नाही. हात गरम असतो म्हणून हातावर येतो, इतकंच. पण घरात कांचननं सुरू केलेलं आणि अजून सुरू असलेलं हे एकच आहे. बाकी सगळं थांबलंय. तिच्या मोबाईलचा रिचार्जही संपला.

तुला तो नको असेल तर नको. मी वाद घालणार नाही, पुस्तकातलं काही सांगणार नाही, पेटी स्वतः उचलून कोलार रोडला पोचवीन. पण नको म्हणायला इथे ये. दिगंबररावांकडून कळवू नकोस. हसायचं असेल तर हस, ओट्यापाशी बसून हस. या वेळी मी मध्ये बोलणार नाही, शेजारी बसेन.

गाडीचं कळव. स्टेशनवर येतो.

कांचनचे बाबा